ताव्हर्नियेने पाहिलेला तांडा : परक्या कानांनी ऐकलेली नावे



नांदेडला गोदावरीचा पूल ओलांडताना बसमधील एखादी वृद्ध स्त्री खिडकीतून नाणे टाकते आणि ‘गंगामाय’ म्हणून हात जोडते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. काठावरच्या गावांना ‘गंगाथडी’ म्हणतात. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या नावातली गंगा म्हणजेही गोदावरीच. नकाशावरचे नाव गोदावरी आणि तोंडातले नाव गंगा, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. या व्यवस्थेत वाढलेल्या माणसाचा तिच्यामुळे गोंधळ होत नाही. बाहेरून आलेल्याचा होतो.

सतराव्या शतकाच्या मध्यावर झाँ-बाप्तिस्त ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना याच नदीच्या काठी आला. आपल्या प्रवासवर्णनात तो लिहितो की, नादूर येथे एक नदी ओलांडावी लागते, ती पुढे गंगेला मिळते. तेथे प्रत्येक गाडीमागे चार रुपये द्यावे लागतात आणि सुभेदाराचा परवानाही लागतो. ‘नादूर’ म्हणजे आपले नांदेड. त्याने उत्तरेतली गंगा पाहिली होती. तिच्यात आणि नांदेडच्या नदीत किती अंतर आहे, याचा अंदाज त्याला यायला हवा होता. तरीही त्याने असे का लिहिले असावे? नावाड्याला त्याने नदीचे नाव विचारले असेल आणि नावाड्याने रोजच्या सवयीने ‘गंगा’ म्हटले असेल, हे उत्तर मला सर्वांत सरळ वाटते. नावाडी खोटे बोलला नाही आणि ताव्हर्नियेनेही काही मनचे रचले नाही. एका भाषिक समाजात ज्या शब्दाचा एक अर्थ होता, तो दुसऱ्याच्या वहीत शिरताना वेगळा झाला.

मागील घटकात आपण बोली आणि प्रमाणभाषा यांच्या संबंधाचा विचार केला. या घटकात त्यालाच जोडून येणारा पण अधिक अवघड असा प्रश्न हाताळायचा आहे : ज्या समाजाने स्वतःविषयी लिहून ठेवलेले नाही, त्याच्याविषयी परक्याने लिहून ठेवलेले आपण कसे वाचावे? उदाहरण म्हणून आपण मराठवाड्याच्या रस्त्यांवरच्या बंजारा समाजाचे घेणार आहोत.

प्रवासी कोण होते?

‘संशोधक’ किंवा ‘शोधक’ हा शब्द ताव्हर्नियेला लावणे योग्य नाही. त्याचा जन्म १६०५ चा. १६३० ते १६६८ या काळात त्याने पूर्वेकडे सहा प्रवास केले, ते मुख्यतः हिऱ्यांच्या व्यापारासाठी. गोवळकोंड्याच्या खाणी हे त्याचे खरे आकर्षण होते. मराठवाडा हा त्याच्या वाटेवरचा प्रदेश होता, एवढेच. त्याचे प्रवासवर्णन १६७६ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुरत–गोवळकोंडा रस्त्यावरचे मुक्काम कोसांसह दिले आहेत. व्यापाऱ्याला किती दिवस लागतील, जकात कोठे भरावी लागेल, पाणी कोठे मिळेल, या गोष्टी महत्त्वाच्या असतात आणि त्या बाबतीत त्याच्यावर बऱ्यापैकी विसंबता येते.

दुसरा फ्रेंच प्रवासी झाँ द तेव्हनो हा वेगळ्या प्रकृतीचा. तो १६६६ मध्ये सुरतेला उतरला. त्याला तुर्की, अरबी आणि फारसी येत होती, आणि त्याला पाहण्याची हौस होती. वेरूळच्या लेण्यांचे युरोपीय लेखकाने केलेले पहिले सविस्तर वर्णन त्याचेच. दौलताबाद सुभ्यावरच्या प्रकरणात त्याने कसरतीचे खेळ करणाऱ्यांसाठी खास जागा राखून ठेवली आहे. कोल्हाटी-डोंबाऱ्यांचा खेळ पाहत रस्त्याच्या कडेला उभा राहिलेला हा फ्रेंच माणूस मला व्यक्तिशः ताव्हर्नियेपेक्षा अधिक आवडतो. परतीच्या वाटेवर १६६७ मध्ये इराणात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या भारतप्रवासाचा भाग पुढे १६८४ मध्ये छापला गेला.

गावांची नावे काय सांगतात?

ताव्हर्नियेच्या मुक्कामांच्या यादीत दौलताबाद ‘दुल्ताबात’ असे येते, आष्टी ‘अस्ती’ होते, नांदेड ‘नादूर’ होते. अंबडचे रूप फ्रेंच उच्चाराप्रमाणे वाचले तर ‘ओबार’ असे होईल. प्रथमदर्शनी हे सारे केवळ विद्रूपीकरण वाटते. परंतु थोडे बारकाईने पाहा.

फ्रेंचमध्ये ‘ट’ वर्ग नाही. ‘ष्ट’ हे जोडाक्षर म्हणूनच ‘स्त’सारखे लिहिले गेले. ‘ड’चे काय झाले, हे अधिक रोचक आहे. मराठीत स्वरानंतर किंवा शब्दाच्या शेवटी येणारा ‘ड’ उच्चारताना जिभेचे टोक वर वळून झटकन खाली येते. ‘डाळ’मधला ‘ड’ आणि ‘अंबड’मधला ‘ड’ एकामागून एक मोठ्याने म्हणून पाहा. दुसरा किती सैल आहे हे जाणवेल. अनभ्यस्त कानाला हा ध्वनी ‘र’सारखा भासतो. म्हणून अंबडच्या शेवटी ‘र’ आला आणि नांदेडच्या शेवटीही ‘र’ आला. एकाच ध्वनीत एकाच प्रकारचा बदल दोन ठिकाणी सापडला की, तो अपघात राहत नाही. त्यामागे नियम आहे असे आपण मानतो.

मात्र दुसरी शक्यताही आहे. त्या काळचा राज्यकारभार फारसीत चाले. फारसी लेखनात ‘ड’साठी स्वतंत्र अक्षर नसल्याने ‘नांदेर’ असेच लिहिले जाई. परवाना फारसी, सुभेदाराचा कारकून फारसी लिहिणारा, दुभाष्याही बहुधा त्याच वर्तुळातला. तेव्हा ताव्हर्नियेने ‘र’ थेट नांदेडकराच्या तोंडून ऐकला की कारकुनाच्या, याचा निकाल केवळ ध्वनिशास्त्राच्या आधारे लागत नाही. परीक्षेत असा प्रश्न आल्यास दोन्ही शक्यता मांडाव्यात, ही माझी सूचना.

‘ओबार’मधील ‘ओ’चा उलगडा मात्र कानाने नव्हे, डोळ्याने होतो. रोमन लिपीतील ‘एन’ आणि ‘यू’ ही अक्षरे हस्तलिखितात एकमेकांची उलटी रूपे असल्यासारखी दिसतात. लिहिणाऱ्याने बहुधा ‘अंबार’ला जुळेल असे ‘एन’ लिहिले असावे, आणि जुळाऱ्याने ‘यू’ समजून खिळा लावला असावा. मोडी कागद वाचताना जसे ‘व’ की ‘ब’ असे अडखळायला होते, तसेच हे आहे. नाव बोलणाऱ्याच्या तोंडातून निघून आपल्यापर्यंत पोचेपर्यंत दुभाष्या, लेखक, नकलनवीस आणि छापखाना असे टप्पे ओलांडते, आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी झीज होते.

रस्ता अडवणारे बैल

आता मूळ विषयाकडे वळू. ताव्हर्निये भारतातील दळणवळणाचे वर्णन करताना सांगतो की, दहा-बारा हजार बैलांचा तांडा एकत्र चाललेला पाहणे ही थक्क करणारी गोष्ट आहे. जेथे फक्त गहू पिकतो तेथे तांदूळ न्यायचा, जेथे तांदूळ पिकतो तेथे गहू, आणि जेथे मीठ नाही तेथे मीठ. एक बैल तीनशे ते साडेतीनशे लिव्हर, म्हणजे आजच्या मापाने साधारण दीडशे किलो ओझे पाठीवर नेतो. अरुंद रस्त्यावर असा तांडा समोरून आला की, प्रवाशाला तो पूर्ण निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवसही थांबावे लागते.

हे वर्णन अतिशयोक्त आहे का? पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी ताव्हर्नियेच्या आधी, १६३२ मध्ये, उत्तर भारतात बंजाऱ्यांच्या तळाला भेटला. त्याने धान्य लादलेल्या बैलांचा आकडा १४,००० दिला आहे. दोन वेगवेगळ्या देशांचे, परस्परांचा आधार न घेणारे साक्षीदार जवळपास सारखाच आकडा सांगतात, तेव्हा तो मान्य करायला हरकत नसते. शिवाय मंडीने एक मोलाची गोष्ट केली : त्याने ‘तांडा’ हा शब्दच लिहून ठेवला.

ताव्हर्निये या लोकांना ‘मानारी’ म्हणतो. त्यांच्या चार जमाती आहेत, प्रत्येकीत सुमारे एक लाख माणसे आहेत, आणि एक जमात फक्त गहू, दुसरी तांदूळ, तिसरी डाळी व चौथी मीठ वाहते, असे तो सांगतो. ते घरात कधीच राहत नाहीत, राहुट्यांत राहतात. बायका-मुले बरोबर असतात. प्रत्येक तांड्याचा एक प्रमुख असतो, तो एखाद्या राजासारखा वागतो आणि त्याच्या गळ्यात मोत्यांची माळ असते. गव्हाचा तांडा आणि तांदळाचा तांडा समोरासमोर आले, तर वाट कोणी सोडायची यावरून रक्तपात होई. औरंगजेबाने दोन्हींच्या प्रमुखांना बोलावून समजूत घातली आणि प्रत्येकाला एक लाख रुपये व मोत्यांची माळ दिली, अशी कथा तो देतो. बादशहाला ही काळजी का वाटावी, हे उघड आहे. दक्षिणेत वावरणाऱ्या मोगल सैन्याचे पोट याच बैलांच्या पाठीवर अवलंबून होते. पुढे १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली जालन्याजवळच्या असईच्या लढाईच्या सुमारास याच प्रदेशात होता. त्याच्या पत्रव्यवहारातही बंजाऱ्यांकडून धान्य मिळण्याची विवंचना पुन्हा पुन्हा दिसते.

यापुढचे वर्णन अधिक सूक्ष्म आहे. गहू वाहणाऱ्यांच्या कपाळावर लाल डिंकाचा टिळा असतो, त्याची रेघ नाकावरून खाली येते आणि तिच्यावर गव्हाचे दाणे चिकटवलेले असतात. तांदूळवाल्यांचा टिळा पिवळा, वर तांदळाचे दाणे. मीठवाले गळ्यात आठ-दहा लिव्हर मिठाची पिशवी अडकवतात आणि सकाळी प्रार्थनेपूर्वी ती पोटावर आपटतात. स्त्रिया कमरेखाली वस्त्राच्या पाच-सहा घड्या घेतात. वरच्या अंगावर फुलांचे गोंदण असते, त्यामुळे त्वचा फुलांच्या कापडासारखी दिसते. सकाळी पुरुष बैल लादतात, स्त्रिया राहुट्या गुंडाळतात, आणि सर्पाकार मूर्ती काठीवर उभारून सारा तांडा तिला वंदन करून पुढे सरकतो.

पाहिले किती, ऐकले किती?

असा मजकूर हाती आला की, मी विद्यार्थ्यांना एक साधी गोष्ट करायला सांगतो. प्रत्येक विधानापुढे लिहा : हे डोळ्याने दिसू शकते का? रस्त्यावर दोन दिवस खोळंबलेला माणूस बैल पाहू शकतो, गोंदण पाहू शकतो, राहुट्या गुंडाळताना पाहू शकतो. ‘प्रत्येक जमातीत एक लाख माणसे’ हे कोणालाही दिसत नाही. ते कोणीतरी सांगितलेले आहे, आणि लाख ही संख्या आपल्या बोलण्यात ‘पुष्कळ’ या अर्थानेही येते. दरबारातील समेटाची कथा याच प्रकारात मोडते. कपाळावरचे दाणे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहेत : एखाद्या विधीच्या दिवशी ताव्हर्नियेने ते पाहिले असतील आणि रोजचीच रीत समजली असेल. सणाच्या दिवशी आपल्या घरी आलेला परका माणूस आपण रोजच पुरणपोळी खातो असे लिहून जाऊ शकतो.

चार मालांच्या चार जमाती ही विभागणी तर मला फारच नीटस वाटते. बंजारा समाज स्वतःच्या पोटभेदांविषयी बोलतो तेव्हा चारण, मथुरा, लभाण, ढाडी अशी नावे येतात. गहू आणि तांदूळ येत नाहीत. व्यापाऱ्याने माणसांना त्यांच्या मालावरून ओळखले, यात नवल नाही. तरीही चौथ्या, मिठाच्या गटापाशी थांबावे लागते, कारण ‘लभाण’ हे नाव संस्कृत ‘लवण’ या शब्दापासून आले असे मानले जाते. म्हणजे ताव्हर्नियेच्या विभागणीच्या मुळाशी समाजाच्या स्वतःच्या नामव्यवस्थेचा एखादा धागा असू शकेल. उरलेल्या तीन खणांची भर मात्र त्याच्या किंवा त्याच्या दुभाष्याच्या तर्काने घातली असावी.

आता ‘मानारी’ या नावाचा विचार करू. अभ्यासक ते ‘वणजारी’ किंवा ‘बंजारी’ याचेच रूप मानतात, आणि ‘बंजारा’ हा शब्द वाणिज्यवाचक ‘वणिज्’शी जोडला जातो. ‘व’चा ‘म’ कसा झाला, असा प्रश्न तुम्हाला पडला पाहिजे. उत्तर या समाजाच्याच दुसऱ्या नावात दडलेले आहे. ‘लवण’पासून एकीकडे ‘लभाण’ झाले आणि दुसरीकडे ‘लमाण’. व, भ आणि म हे तिन्ही ध्वनी ओठांच्या साहाय्याने होतात, आणि शेजारी ‘ण’सारखा अनुनासिक असला की ‘व’ नाकाकडे सरकतो. ‘मानारी’त तसेच घडले असावे, असा माझा तर्क आहे. मधला ‘ज’ कोठे गेला, याचे समाधानकारक उत्तर या तर्कात नाही, हेही नोंदवून ठेवा. आधी पाहिलेली झीज तेथे कारणीभूत असू शकते.

येथे मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना एक सावधगिरीची सूचना. वंजारी आणि बंजारा (लमाण) ही नावे शब्दव्युत्पत्तीने एकाच कुळातील असली, तरी आजचे हे दोन वेगळे समाज आहेत. वंजारी समाज मराठी भाषक असून प्रामुख्याने शेतकरी आहे. बंजारा समाजाची गोरबोली ही स्वतंत्र बोली आहे. शब्द सारखा म्हणून समाज एक, असा निष्कर्ष भाषाविज्ञान काढत नाही. उत्तरपत्रिकांत हा घोटाळा मी दरवर्षी पाहतो.

वर्णनात नसलेली गोष्ट

काही वर्षांपूर्वी नांदेडच्या एका संपर्कसत्रात मी हा उतारा वाचून दाखवला. गोंदणाच्या वर्णनाचे कौतुकही केले. मागच्या बाकावर किनवटकडील तांड्यावरून आलेली एक विद्यार्थिनी होती, दोन मुलांची आई. ती म्हणाली, “सर, त्यानं बाईचं गोंदण लिहिलं, घड्या मोजल्या. पण बाई काय बोलली ते कुठं लिहिलंय?”

मी पुन्हा पुस्तक उघडले. तिचे म्हणणे अचूक होते. टिळ्याचा रंग आहे, पिशवीचे वजन आहे, वस्त्राच्या घड्या आहेत. परंतु ‘मानारी’ या झिजलेल्या नावाखेरीज त्या माणसांच्या बोलीतला शब्द या वर्णनात सापडत नाही. इतकी वर्षे भाषाविज्ञान शिकवूनही ही उणीव माझ्या लक्षात आली नव्हती, याची मला थोडी लाजच वाटली.

तो एखादा तास बसून ऐकता, तर काय ऐकू आले असते? आजच्या गोरबोलीवरून थोडी कल्पना करता येते. मराठीतील आकारान्त पुल्लिंगी नामे तेथे ओकारान्त असतात : तांडा नव्हे तांडो, घोडा नव्हे घोडो. हे राजस्थानी भाषांचे लक्षण आहे, आणि समाजाच्या मूळ प्रदेशाकडे बोट दाखवणारा तो सर्वांत भक्कम पुरावा आहे. आई म्हणजे ‘याडी’. भाकरी-पोळी म्हणजे ‘बाटी’. स्वतःला ते ‘गोर’ किंवा ‘गोरमाटी’ म्हणतात आणि आपल्याबाहेरच्या माणसाला ‘कोर’. बैल लादून माल नेण्याच्या व्यवसायाला ‘लदेणी’ म्हणतात. म्हणजे ताव्हर्नियेने ज्यांना ‘मानारी’ म्हटले, त्यांच्या दृष्टीने तो स्वतः एक ‘कोर’ होता. त्याला नाव देण्याची व्यवस्था त्यांच्याकडेही होती. ती फक्त कागदावर आली नाही.

या बोलीची भाषावैज्ञानिक नोंद बरीच उशिरा झाली. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) बंजारी अथवा लभाणी हिचा समावेश आहे. रोनाल्ड ट्रेल यांचे लमाणी व्याकरण १९७० मधील. ताव्हर्नियेच्या ग्रंथानंतर ग्रिअर्सनपर्यंत जवळजवळ सव्वादोनशे वर्षे गेली.

*थोडे थांबा. नांदेड, अंबड, आष्टी आणि दौलताबाद या चार नावांची ताव्हर्नियेने दिलेली रूपे वहीत लिहा आणि प्रत्येकात कोणता ध्वनी बदलला आहे, ते खूण करून दाखवा. नंतर पुढे वाचा.*

समुद्रापलीकडचे एक उदाहरण

तुलनेसाठी दुसऱ्या एका फ्रेंच माणसाकडे पाहू. झाक कार्तिए १५३४ मध्ये उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचला. गास्पे येथे त्याने मोठा क्रूस उभारला. तेथे मासेमारीसाठी आलेल्या लोकांचा प्रमुख दोनाकोना याने हरकत घेतली. कार्तिएने त्याची समजूत घातली आणि त्याचे दोन मुलगे बरोबर घेऊन तो फ्रान्सला परतला. पुढच्या वर्षी तेच दोघे वाटाडे आणि दुभाषे म्हणून त्याच्याबरोबर आले. त्या हिवाळ्यात त्याच्या माणसांना स्कर्व्ही या रोगाने गाठले आणि पंचवीसएक जण दगावले. तेव्हा या दोघांपैकी दोमागाया याने एका झाडाच्या पाल्याचा व सालीचा काढा सांगितला आणि उरलेले वाचले. १५३६ च्या वसंतात कार्तिएने दोनाकोनालाच पकडून फ्रान्सला नेले. तो परत आला नाही.

या लोकांच्या भाषेत वस्तीला, गावाला ‘कानाटा’सारखा शब्द होता. कार्तिएने तो ऐकला, पण तो त्या प्रदेशाचे नाव म्हणून रूढ झाला, आणि आज एका अवाढव्य देशाचे नाव कॅनडा आहे. नांदेडच्या नावाड्याची ‘गंगा’ आणि दोनाकोनाच्या माणसांची ‘कानाटा’ यांची जातकुळी एकच. फरक इतकाच की, येथे नावाड्याचे वंशज अजून काठावर आहेत आणि नदीला गंगाच म्हणतात.

कार्तिएच्या वृत्तान्तांना मात्र शब्दांच्या याद्या जोडलेल्या आहेत : अंक, शरीराचे अवयव, खाण्याचे पदार्थ, नातीगोती. १६०३ मध्ये शांप्लँ त्याच नदीतून वर गेला, तेव्हा कार्तिएने पाहिलेली स्तादाकोना आणि होशलागा ही गावे उरली नव्हती. माणसे युद्धात गेली, रोगाने गेली की विखुरली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांची भाषा ज्या थोड्या शब्दांतून आपल्याला माहीत आहे, ते मुख्यतः याच याद्यांतले. ज्याने प्रमुखाला पळवून नेले, त्याच्याच वहीत त्या प्रमुखाच्या भाषेचे अवशेष टिकले. ताव्हर्नियेने कोणाला पळवून नेले नाही, फक्त रस्ता मोकळा होण्याची वाट पाहिली. त्याच्या वहीत शब्द नाहीत. कोणत्या नोंदीला अधिक मोल द्यावे, हा प्रश्न मी वर्गात विचारतो आणि स्वतः उत्तर देणे टाळतो.

नाव कागदावर चढते तेव्हा

परक्याने दिलेले नाव प्रवासवर्णनापुरते राहिले असते, तर हा सारा ऊहापोह अभ्यासकांपुरताच ठरला असता. तसे झाले नाही. एकोणिसाव्या शतकात पक्के रस्ते आले, लोहमार्ग आले. गोदावरी खोऱ्यातून हैदराबाद–मनमाड हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली. जो माल हजारो बैलांच्या पाठीवरून जाई, तो डब्यांतून जाऊ लागला. लदेणी बसली. फिरता व्यवसाय गेला, पण फिरता माणूस उरला. आणि ठाव नसलेल्या माणसाविषयी राज्यकर्त्यांना संशय असतो. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि ज्यांच्या धान्यावर वेलस्लीचे सैन्य विसंबून होते, त्यांच्यावरही त्या कायद्याची सावली पडली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आज ‘विमुक्त जाती’ या प्रवर्गात आहे. ‘विमुक्त’ म्हणजे मुक्त केलेले. कशातून, ते या एका शब्दात साठवलेले आहे.

देगलूर, बिलोली किंवा किनवटची हद्द ओलांडून तेलंगणात गेलात, तर तेथील लंबाडा समाज १९७६ पासून अनुसूचित जमातींत मोडतो. उदगीर-देवणीकडून कर्नाटकात उतरलात, तर तोच समाज अनुसूचित जातींत. बोली एक, सोयरीक एक, देवस्थान एक, कागद तीन. १९४८ पर्यंत हा सारा भाग एकाच हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा ‘लंबाडा’, ‘लमाण’, ‘बंजारा’ यांपैकी जुन्या कागदावर कोणता शब्द लिहिला आहे, याला घराघरात महत्त्व आले आहे. मुलाची फी, वसतिगृहातली जागा, नोकरीचा अर्ज या गोष्टी त्या शब्दाला बांधलेल्या असतात. तुमच्यापैकी काहींनी अशा दाखल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेही असतील. भाषाविज्ञान त्या मागण्यांचा न्यायनिवाडा करू शकत नाही. एका समाजाची इतकी नावे कशी झाली आणि ती कोणी कोणी दिली, एवढे ते दाखवू शकते.

आणखी एक बाब नजरेआड करू नये. आता हा समाज स्वतः लिहितो. आत्माराम राठोड यांचे ‘तांडा’ आणि पंजाब चव्हाण यांचे ‘याडी’ ही आत्मकथने मराठीत आहेत. दुसऱ्याचे शीर्षकच पाहा : मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गोरबोलीतला शब्द आहे, आणि वाचकाने तो शिकून घ्यावा अशी अपेक्षा आहे. ताव्हर्नियेच्या उताऱ्यानंतर लगेच यांपैकी एखादे पुस्तक वाचा.

क्षेत्रकार्य

तुमच्या गावाजवळ तांडा असेल, किंवा तुम्ही स्वतः तांड्यावर राहत असाल, तर साठीच्या पुढील एका स्त्रीकडून आणि एका पुरुषाकडून प्रत्येकी तीस शब्द लिहून घ्या. नातेवाचक दहा, स्वयंपाकघरातील दहा, आणि बैल, ओझे, प्रवास यांच्याशी संबंधित दहा. शेवटचे दहा मिळणे कठीण जाईल. त्यासाठी वेळ द्या आणि घाई करू नका. शब्द देवनागरीत लिहा. ‘ड’ आणि ‘ळ’ शब्दात कोठे येतात याकडे विशेष लक्ष द्या, आणि शब्दाच्या शेवटी ‘आ’ ऐकू येतो की ‘ओ’, ते ऐकू येईल तसेच लिहा. मराठी सवयीने दुरुस्त करू नका. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी परवानगी घ्या. गोरबोली तुमची मातृभाषा असेल, तर हे काम शेजारच्या दुसऱ्या तांड्यावर करा, म्हणजे स्वतःचा उच्चार मध्ये येणार नाही. यादी पूर्ण झाली की, शब्द सांगणाऱ्या व्यक्तीसमोर ती मोठ्याने वाचा. ती जेथे हसेल किंवा थांबवील, तेथे तिने सांगितलेला उच्चार वेगळ्या शाईने लिहा. मूळचे रूप खोडू नका; स्वाध्यायपुस्तिकेसोबत दोन्ही रूपे पाठवा.